कूलरच्या टाकीतलं गणित

गेल्या सप्टेंबरमध्ये माझ्या भाच्याला डेंग्यू झाला. सोळा वर्षांचा मुलगा, अकरावीसाठी आमच्याकडे नागपुरात, मानेवाड्याला राहायला आलेला. चौथ्या दिवशी ताप उतरला तेव्हा आम्ही हुश्श केलं, आणि नेमक्या त्याच दिवशी प्लेटलेट्स खाली गेल्या. डेंग्यूत ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच जास्त जपायचे असतात, हे डॉक्टरांनी समजावल्यावर कळलं. आठवडाभराने तो घरी आला. त्याला झोपवून मी बॅटरी घेतली आणि मागच्या गॅलरीत गेले.

कूलर आम्ही जूनअखेर बंद केला होता. म्हणजे बटण बंद केलं होतं. टाकीला जोडलेल्या नळाची चावी मात्र चालूच राहिली होती. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा बादल्या ओतायचा त्रास नको म्हणून आपल्याकडे अनेक घरी नळाची नळी थेट टाकीत सोडून तिला फ्लोट व्हॉल्व बसवतात. पांढरा प्लॅस्टिकचा गोळा पाण्यावर तरंगतो. पाणी उतरलं की गोळा खाली येतो, झडप उघडते. पाणी चढलं की गोळा वर जातो, झडप मिटते. पावसाळाभर जेवढं पाणी उडून गेलं तेवढं त्या गोळ्याने इमानेइतबारे भरून काढलं होतं. त्याच्या बाजूलाच बॅटरीचा उजेड पडला आणि तीस-चाळीस अळ्या वळवळत तळाकडे गेल्या.

मी अभियांत्रिकीच्या मुलांना कंट्रोल सिस्टिम, म्हणजे यंत्रणा आपोआप ताब्यात कशी ठेवायची ते शिकवते. पंधरा वर्षं फळ्यावर जे काढत आले ते सगळं त्या टाकीत माझ्यासमोर होतं. एक यंत्रणा माणसाने बनवलेली, आपोआप चालणारी. दुसरी जिवंत. दोन्ही एकाच पाण्यात, आणि दोन्हींचं गणित बरंचसं एकच. कॉम्प्युटर मॉडेल हा शब्द करोनाच्या दिवसांत सगळ्यांच्या कानावरून गेला, पण त्याच्या आत काय असतं हे फारसं कुणी उलगडून सांगितलं नाही. म्हणून हा लेख.

मॉडेल म्हणजे खऱ्या गोष्टीची कागदावर किंवा कॉम्प्युटरवर केलेली नक्कल. ती हुबेहूब नसते, असायची गरजही नसते. तिला ‘असं केलं तर काय होईल?’ एवढं विचारता आलं पाहिजे. खऱ्या शहरावर हा प्रश्न आजमावायला गेलं तर माणसं आजारी पडतात. नकलेवर तो दहा हजार वेळा विचारता येतो.

आधी फ्लोट व्हॉल्व बघू. त्याचं काम एका वाक्यात सांगता येतं: बदल झाला की त्या बदलाच्या उलट दिशेने ढकलायचं. पाणी कमी झालं तर वाढव, वाढलं तर थांबव. ह्याला ऋण फीडबॅक म्हणतात. फ्रिजचा थर्मोस्टॅट, आपोआप चालू-बंद होणारी इस्त्री, घाम येऊन थंड होणारं आपलं शरीर, सगळं ह्याच जातीचं. डासांचं उलट. जितक्या माद्या जास्त तितकी अंडी जास्त, तितक्या पुढच्या माद्या जास्त. जितके रुग्ण जास्त तितके विषाणू घेऊन फिरणारे डास जास्त, तितके पुढचे रुग्ण जास्त. बदल झाला की त्याच दिशेने आणखी ढकललं जातं. हा धन फीडबॅक. तो काही काळ तरी स्वतःहून थांबत नाही.

मग माणूस मध्ये पडतो. रुग्ण वाढले की धुराची गाडी येते. म्हणजे ऋण फीडबॅक आपण बाहेरून जोडतो. तरी दरवर्षी गाडी येऊनही साथ पसरते, असं का? ह्याचं उत्तर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत आहे.

खाली मोटर चालू आहे, वर कुणीतरी उभं आहे. टाकी भरली की वरून हाक येते, ‘भरली!’ आणि खालचा माणूस बटण बंद करतो. आता समजा ती हाक खाली पोचायलाच दहा मिनिटं लागतात. टाकी दहा मिनिटं ओसंडून वाहणार. पाणी संपल्याची हाकही तितकीच उशिरा येत असेल तर मधल्या दहा मिनिटांत घर कोरडं. मोटर चांगली आहे, बटण दाबणारा तत्पर आहे, फक्त त्याच्या हातातली माहिती शिळी आहे. कंट्रोल सिस्टिममध्ये पहिल्या वर्षापासून हेच शिकवतात: सुधारणा उशिरा पोचली तर यंत्रणा स्थिर राहत नाही, वर-खाली झोके घेत राहते.

डेंग्यूमधला हा उशीर मोजून बघा. विषाणू असलेला डास चावल्यापासून ताप यायला चार ते दहा दिवस जातात, सहा धरू. पुढचे दोन-तीन दिवस ‘व्हायरल असेल’ म्हणून गोळी घेऊन काढले जातात. मग तपासणी, रिपोर्ट, तो पुढे कळवणं, फवारणीचं नियोजन. बारा-तेरा दिवस सहज झाले. त्याही आधी, तो डास चावण्याआधी साधारण दहा दिवस, त्याने दुसऱ्याच कुणा रुग्णाचं रक्त घेतलेलं असतं, कारण विषाणू डासाच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला आठ ते बारा दिवस लागतात. म्हणजे गल्लीत धूर होतो तेव्हा तीन आठवड्यांपूर्वी घडून गेलेल्या गोष्टीवर आपण उपाय करत असतो. माझ्या भाच्याला तापात जे डास चावले असतील, ते तो घरी येऊन खिचडी खात होता त्या सुमारास दुसऱ्यांना आजारी करायला लायक झाले असणार. ह्यात आळस कुणाचाच नाही, सगळ्यांनी आपापलं काम वेळेत केलं तरी हे आकडे असेच राहतात. म्हणून मला ते फार अस्वस्थ करतात.

ह्या प्रकारचं गणित पहिल्यांदा नीट मांडणारा माणूस भारतातच काम करत होता. रोनाल्ड रॉस, जन्म अल्मोड्याचा. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत त्याला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला, १९०२ मध्ये नोबेल मिळालं. सूक्ष्मदर्शकाची ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. त्यानंतर तो गणिताकडे वळला, हे कमी लोकांना माहीत आहे. सगळे डास मारणं अशक्य, मग मोहीम कशाला, असा तेव्हाचा सवाल होता. रॉसने समीकरणं मांडून दाखवलं की सगळे मारायची गरजच नाही. माणशी डासांची संख्या एका पातळीच्या खाली आणली की एका रुग्णापासून सरासरी एकाहून कमी नवा रुग्ण होतो, आणि रोग आपोआप विझत जातो. ही पातळी डोळ्यांना दिसत नाही, गणितातच सापडते.

१९५० च्या दशकात जॉर्ज मॅकडोनाल्ड ह्यांनी त्यात आणखी एक गोष्ट नीट बसवली, डासाचं वय. हे गणित मलेरियाचं, पण डेंग्यूलाही तसंच लागू पडतं, आणि ते हाताने करून बघण्यासारखं आहे. शंभर डासांनी आज रुग्णाचं रक्त घेतलं. त्यांना रोग पसरवायचा असेल तर आधी दहा दिवस जगलं पाहिजे. रोज शंभरातले नव्वद वाचतात असं धरा. दहा दिवसांनी किती उरले? ०.९ ला दहा वेळा गुणायचं. उत्तर ०.३५, म्हणजे पस्तीस डास. आता काही उपाय करून रोज वाचणारे नव्वदाऐवजी ऐंशी केले. ०.८ दहा वेळा गुणलं की ०.११ च्या आतच येतं. अकरा डास. रोजच्या जगण्यात दहाचाच फरक, पण धोकादायक डास एक तृतीयांशाहून कमी झाले.

चावण्याचा हिशेबही असाच चकवणारा आहे. एका डासाला रोग पसरवायला दोनदा चावावं लागतं, एकदा विषाणू घ्यायला आणि एकदा द्यायला. त्यामुळे पूर्ण बाह्यांचे कपडे, जाळ्या, मलम ह्यांनी चावणं निम्मं केलं तर प्रसार निम्मा होत नाही, पाव होतो. डासांची संख्या निम्मी केली तर मात्र प्रसार निम्माच होतो. तिन्ही उपाय डोळ्यांना सारखेच वाटतात, समीकरणात त्यांचं वजन वेगवेगळं आहे.

मग टाकी रिकामी करण्यात अर्थ नाही का? आहे, आणि भरपूर आहे. एडिस इजिप्ती हा डेंग्यूचा डास घरात, कपाटामागे, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांत बसतो. रस्त्यावरचा धूर तिथवर फारसा पोचत नाही, आणि पोचला तरी उडणाऱ्या डासांना त्या दिवसापुरता मारतो. पाण्यातल्या अळ्यांना काहीच होत नाही. अळ्या मात्र एका जागी, उघड्यावर, आपल्या ताब्यात असतात. अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस’ हा नियम ह्याच आकड्यातून आला आहे.

भाचा घरी पडून कंटाळला होता, म्हणून मी त्याला एक्सेलमध्ये एक खेळ लावून दिला. हा खेळ मुळात १९२७ चा. एडिनबरोमधल्या कर्मॅक आणि मॅकेंड्रिक ह्यांनी तो मांडला. मॅकेंड्रिक भारतात लष्करी डॉक्टर होते, रॉससोबतही काम केलेलं. कर्मॅक रसायनशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतल्या अपघातात १९२४ मध्ये त्यांची दृष्टी गेली होती. आपलं समीकरण तपासायला त्यांनी जे आकडे घेतले ते मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्यूंचे होते. आपल्याच राज्यातल्या त्या मरणांवर जगभरच्या साथींचं गणित उभं आहे, हे वर्गात सांगताना दरवेळी माझा आवाज जड होतो.

खेळ सोपा आहे. तीन रकाने: अजून न झालेले, सध्या आजारी, बरे झालेले. एक हजार वस्तीची कॉलनी, एक रुग्ण. एक रुग्ण पुढे दोघांना देतो असं धरायचं, पण समोरचा आधीच होऊन गेलेला असेल तर ते देणं वाया. भाच्याने सूत्र खाली ओढलं आणि आजारी असलेल्यांचे आकडे उतरत गेले: १, २, ४, ८, १६, ३०, ५७, १००, १५७, १९६. तिथून उलटं, १६८, ८८, ३०. कुणी काही केलं नाही, औषध नाही, धूर नाही, तरी साथ ओसरली, कारण नवीन माणसं मिळेनाशी झाली. आणि शंभराच्या वर लोक शेवटपर्यंत वाचले. मग त्याने २ च्या जागी १.२ घातलं. साथ संपायला किती तरी जास्त पायऱ्या लागल्या, पण आजारी असणाऱ्यांचा आकडा कधी वीसच्या वर गेलाच नाही. ‘एवढ्याशा फरकाने?’ तो उठून बसला.

खरा डेंग्यू ह्या तीन रकान्यांत मावत नाही. त्याच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्याच प्रकारापासून जन्मभर संरक्षण मिळतं, पण दुसऱ्या प्रकाराने गाठलं तर आजार जास्त गंभीर होण्याची शक्यता असते. शिवाय हजार माणसं एका पातेल्यात ढवळल्यासारखी एकमेकांत मिसळत नाहीत. एडिस फार लांब उडत नाही, शे-दोनशे मीटरच्या आतच त्याचं आयुष्य सरतं. विषाणूला नागपूरच्या महाल भागातून मानेवाड्याला आणतो तो माणूस. पेरू देशातल्या इक्विटोस शहरात संशोधकांनी लोक कुणाच्या घरी जातात-येतात ते तपासलं, तेव्हा नातलग-मित्रांच्या घरी होणाऱ्या ह्या ये-जा मधूनच डेंग्यू पसरत असल्याचं दिसलं. म्हणजे मावशीकडचं महालक्ष्म्यांचं जेवणसुद्धा मॉडेलमध्ये आलं पाहिजे. म्हणून हल्लीच्या मॉडेलमध्ये कॉम्प्युटरवर अख्खं शहर वसवतात. प्रत्येक घर वेगळं, प्रत्येक माणूस वेगळा, शाळेत जाणारा, दुकानात बसणारा. आणि ते शहर शेकडो वेळा चालवून बघतात.

हवामानाचंही तसंच. उष्णता वाढली की डासातला विषाणू लवकर पिकतो, दहा दिवसांऐवजी सात दिवसांत. वरच्या हिशेबात शंभरातले पस्तीस नव्हे, अठ्ठेचाळीस डास त्या टप्प्यापर्यंत जगतात. मग मे महिन्यात, नवतपाच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, नागपुरात डेंग्यूचा कहर व्हायला हवा. होत नाही, कारण फार उष्णतेत डासच टिकत नाही. एडिस इजिप्तीचा प्रसार सरासरी २९ अंशांच्या आसपास सगळ्यात जास्त आणि ३५ च्या जवळ जवळजवळ शून्य, असं ह्या क्षेत्रातल्या अभ्यासकांचं गणित सांगतं. आपल्याकडे मे महिन्यात दिवस-रात्रीची सरासरीच पस्तिशीला टेकते; ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ती २७-२८ वर येते, आणि पाणी सगळीकडे साचलेलं असतं. डोंगरासारखी ही चढ-उताराची रेघ अंदाजाने कळत नाही. ‘उष्णता वाढेल तसा डेंग्यू वाढेल’ हे सरळ रेघेचं वाक्य नागपूरपुरतं तरी अर्धंच खरं आहे.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे येऊ, कारण आज पहिला प्रश्न तोच असतो. आतापर्यंत सांगितलेल्या मॉडेलमध्ये कारण आपण घालतो: डास चावतो, विषाणू पिकतो, माणूस बरा होतो. शिकणाऱ्या मशीनला कारण सांगत नाहीत. मागची आकडेवारी तिच्यापुढे ठेवतात आणि कशासोबत काय वाढतं ते ती स्वतः शोधते. ह्यात ताकद मोठी आहे. चित्रावरून अळी ओळखणं, पंखांच्या आवाजावरून डासाची जात ओळखणं ह्यात मशीन खरोखर तरबेज होत आहे. मनू प्रकाश ह्या भारतीय वंशाच्या संशोधकाच्या स्टॅनफर्डमधल्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की साध्या मोबाइलच्या माइकवरही डासाचा आवाज त्यासाठी पुरेसा टिपता येतो.

पण एक धोका असतो. समजा नागपूरचे मागचे आकडे मशीनला दिले. तिला चटकन दिसेल की गणपती आले की डेंग्यू वाढतो. आकड्यांत ते खरंच दिसेल, कारण दोन्ही भाद्रपदाच्या आगेमागे येतात. २०२२ मध्ये गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये अधिक मासामुळे ती १९ सप्टेंबरला गेली. डास पंचांग बघत नाहीत, पाऊस बघतात. पंचांगावर शिकलेली मशीन त्या वर्षी एकोणीस दिवस चुकली असती. हे उदाहरण मी रचलेलं आहे, पण ह्याच जातीची चूक खरोखर घडली आहे. गूगलने २००८ मध्ये लोक इंटरनेटवर काय शोधतात त्यावरून फ्लूचा अंदाज द्यायला सुरुवात केली. २०१२-१३ च्या हंगामात त्या अंदाजाने फ्लूमुळे डॉक्टरकडे जाणाऱ्यांचं प्रमाण खऱ्याच्या दुपटीहून जास्त दाखवलं. २०१५ मध्ये ती सेवा बंद झाली. म्हणून आता दोन्हींची सांगड घालतात. कारणांचा सांगाडा माणसाचा, त्यातले न कळणारे आकडे मशीनने रोजच्या माहितीवरून दुरुस्त करायचे. मला हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो.

हे सगळं ऐकून माझे सासरे, आयुष्य कापसात गेलेले, म्हणाले, ‘हे तर आमच्या कामगंध सापळ्यासारखंच झालं नं जी.’ मी अक्षरशः थांबले, कारण त्यांनी एका वाक्यात माझं पूर्ण व्याख्यान सांगितलं होतं. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते. बोंड फोडून अळी दिसेपर्यंत कापूस गेलेला असतो. म्हणून शेतात मादीच्या गंधाचे सापळे लावतात आणि नर पतंग मोजतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले की फवारणीची वेळ झाली. शिवाय फुलोऱ्यात डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुलं, दिसतात का, यावर डोळा. वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, ती आणि कृषी विद्यापीठं शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं हेच सांगत आली आहेत. नुकसान मोजू नका, नुकसान करणारा येतोय का ते मोजा. म्हणजे हाक लवकर पोचेल.

डेंग्यूतही तशी मोजणी आहे. शंभर घरं तपासून अळ्या असलेली किती भांडी सापडली, त्या आकड्याला ब्रेटो इंडेक्स म्हणतात. आशाताई दारात येऊन कूलर, कुंडीखालची थाळी, फ्रिजमागचा ट्रे बघू द्या म्हणतात तेव्हा त्या हाच आकडा गोळा करत असतात. रुग्णाच्या रिपोर्टपेक्षा तो दोन-तीन आठवडे आधीची बातमी देतो. आमच्या गल्लीत त्यांना दारातूनच ‘आमच्याकडे काही नाही’ म्हणून परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. मीही एकदा घाईत तसं केलं होतं, आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं.

त्या रविवारी मी नळाची चावी बंद केली आणि टाकी गच्चीच्या तापलेल्या फरशीवर पालथी घातली. अळ्या काही मिनिटांत निश्चल झाल्या. भाचा खुर्ची घेऊन सावलीत बसला होता. टाकी सरळ केल्यावर मी त्याला आतली भिंत दाखवली. पाणी जिथवर होतं तिथे पांढुरकी रेघ उठली होती आणि तिच्या जरा वर, बोटाने पुसल्यावर लागतील असे बारीक काळे ठिपके. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेघेच्या किंचित वर ओलसर भिंतीला चिकटवते. पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच राहतात. वाळली तरी महिनोन्महिने जिवंत असतात, आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात.

‘म्हणजे एप्रिलमध्ये कूलर लावला की?’ त्याने विचारलं.

‘हो.’

तो जरा वेळ त्या रेघेकडे बघत राहिला. मग मांडीवरचा लॅपटॉप उघडून तीन रकान्यांच्या शेजारी त्याने चौथा रकाना केला. ‘मावशी, ह्याचा उशीर किती धरू?’

‘ऑक्टोबर ते एप्रिल. सहा महिने.’

तो टाइप करू लागला आणि मी तारेची घासणी आणायला खाली गेले.